सगळ्या रडल्या, मला का रडू आलं नाही?

साताऱ्याहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं वय ५४, शाळेच्या ऑफिसात नोकरी. कॉलनीतल्या आठजणींची भिशी आहे आणि महिन्यातला एक रविवार पिक्चरचा ठरलेला. मागच्या महिन्यात सगळ्याजणी शिवकाळावरच्या एका नव्या सिनेमाला गेल्या. थेटर भरलेलं, बारकी पोरं मावळ्यांच्या वेशात, शेवटी घोषणा, आणि आठपैकी सातजणींचे पदर डोळ्यांना. (एका मैत्रिणीनं सहा वर्षांच्या नातवाला आणलं होतं. छळाचे प्रसंग सुरू झाल्यावर तो घाबरला आणि शेवटपर्यंत ताईंच्या पदरात तोंड खुपसून बसला.) बाहेर आल्यावर पावभाजीच्या गाडीवर कुणीतरी विचारलं, "काय गं, कसा वाटला?" ताई म्हणाल्या, "लढाया फार लांबल्या. आवाजानं डोकं उठलं. आणि बायकांना नुसतं आरतीची ताटं धरून उभं केलंय." त्यावर नातवाला घेऊन आलेली मैत्रीण फटकन म्हणाली, "म्हणजे तुला महाराजांचा पिक्चरच आवडला नाही?" पुढं कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'घरचेच भेदी' अशा अर्थाचा एक फॉरवर्ड आला. नाव कुणाचं नव्हतं, रोख कळायचा तो कळला. यजमान म्हणतात, "गप बसायचं होतंस." पुण्यातली मुलगी म्हणते, "सोड तो ग्रुप, घरी मोबाईलवर बघ काय बघायचं ते."

ताई विचारतात : माफी मागू का? पुढच्या वेळी 'छान होता' असं खोटंच म्हणू का? की भिशीबरोबर जाणंच बंद करून एकटीनं जाऊ? आणि आपल्या गावात बाईनं एकटीनं पिक्चरला जाणं बरं दिसतं का? शेवटी एक ओळ खोडून पुन्हा लिहिली आहे : "सगळ्यांना रडू आलं, मला का नाही? माझ्यातच काही कमी आहे का?"

ताई,

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. ती खोडून तुम्ही पुन्हा लिहिलीत म्हणजे खरी बोच तीच आहे.

तुम्हाला रडू का आलं नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात कंसात आहे. थेटर रडत होतं तेव्हा तुम्ही एका भेदरलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत होतात. अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं त्याच्याकडे. सिनेमा माणसाला रडवतो तो काळोखात, मोठ्या पडद्यावर, संगीताच्या जोरावर, आणि त्यासाठी आपण काही वेळ स्वतःला विसरून त्याच्या हवाली व्हावं लागतं. तुम्हाला ती मुभाच मिळाली नाही. तलवार तलवारीवर आपटली की मांडीवरचं पोर दचकत होतं, म्हणून आवाज तुम्हाला दुप्पट लागला असणार. लढाई कधी संपते याची वाट तुम्ही त्याच्यासाठी बघत होतात, मग ती लांबणारच. बाकीच्या सातजणींनी जो सिनेमा बघितला तो तुमच्या वाट्याला आलाच नाही. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून माणसं वेगवेगळे सिनेमे बघून येतात, आणि बाहेर आल्यावर एकाच सिनेमावर भांडतोय असं समजून भांडतात.

म्हणून तुमचं मत खोटं ठरतं असं मी म्हणत नाही. पोर मांडीवर नसतं तरी कदाचित तुम्ही हेच म्हणाला असतात. बायकांच्या हातातल्या आरतीच्या ताटांचा तर त्या पोराशी काहीच संबंध नाही, आणि तुमच्या तीन तक्रारींतली मला सगळ्यात पटलेली तीच. पण बाकीच्या दोन कुठून आल्या, हे स्वतःशी तरी स्पष्ट असू द्या. पुढे तो सिनेमा घरी बघायला मिळेल तेव्हा वाटलं तर एकदा बघा, लहान मूल जवळ नसताना. मत बदललं तरी बिघडत नाही, नाही बदललं तरी नाही.

आता फटकन बोललेल्या मैत्रिणीकडे वळू. ती त्या नातवाची आजी आहे. ही गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथंच अडखळले. नातू घाबरला आणि आजीच्या ऐवजी तुमच्या पदरात शिरला, हे तिनं बघितलं असेलच. बाहेर आल्यावर तिच्या मनात आधीच चुळबुळ चालू असणार : आणलं ते चुकलं का, सुनेला काय सांगू, रात्री झोपेल का हा. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आवाजानं डोकं उठलं." तुम्ही सिनेमाबद्दल बोललात, तिनं ऐकलं असेल "पोराला कशाला आणलंस?" याला देण्यासारखं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. महाराजांचं नाव घेतलं की पुढं कुणी काही बोलत नाही, हे मात्र आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी तुमच्या मैत्रिणीला ओळखत नाही, त्यामुळे माझा अंदाज साफ चुकूही शकतो. पण 'ती माझ्या निष्ठेवर संशय घेतेय' असं धरून चाललात तर पुढचं सगळं बोलणं त्याच वाटेनं जाईल. 'ती त्या वेळी ओशाळली होती' असं धरलंत तर तिच्या घरची बेल वाजवणं तरी सोपं होईल.

पोराचा विषय निघालाच आहे तर एक कामाची माहिती, कारण या चुकीत तुमची मैत्रीण एकटी नाही. ऐतिहासिक सिनेमा म्हणजे संस्कार, तेव्हा पोरांना न्यायलाच हवं, असं आपण धरून चालतो आणि प्रमाणपत्र बघतच नाही. पूर्वी 'यूए', म्हणजे मुलांना पालकांच्या विचारानं दाखवायचा, या शिक्क्याचा एकच प्रकार असायचा. २०२३ मध्ये सिनेमाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता त्याचे तीन भाग आहेत : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. त्या वयाखालच्या मुलाला हा सिनेमा दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवावं, एवढाच त्याचा अर्थ. 'ए', म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचा, शिक्का असेल तर मुलांना आत घेत नाहीत, यूएला मात्र दारावर कुणी अडवत नाही. म्हणजे अडवायचं काम घरच्या मोठ्या माणसाचं. तिकीट काढताना हा शिक्का तिथंच लिहिलेला असतो, ट्रेलरच्या आधीही दिसतो. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं रक्त आणि खरं रक्त यातला फरक सांगून कळतो, पण अंधारात, तेवढ्या मोठ्या आवाजात ते सांगणंच टिकत नाही. भिशीत कुणी नातवंडं आणणार असेल तर हे आदल्या दिवशी बघायचं, एवढं ठरवून टाका.

आता महाराजांचा प्रश्न. तो टाळून हे उत्तर पुरं होणार नाही, आणि साताऱ्यात तर नाहीच. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला शिवकाळावरचा सिनेमा म्हणजे शुक्रवारी लागलेला आणखी एक पिक्चर वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात या सिनेमांची परंपरा मूकपटांपासूनची आहे. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' केला. पुढे प्रभात फिल्म कंपनीनं 'स्वराज्याचे तोरण' नावाचा मूकपट काढला, त्यात शिवाजी महाराज झाले होते स्वतः व्ही. शांताराम. नावातला 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला खुपला आणि १९३० मध्ये तो सिनेमा 'उदयकाल' या नावानं दाखवावा लागला. ज्या काळात नुसता तो शब्द पाटीवर लिहायची चोरी होती, त्या काळी थेटरात बसलेल्या माणसाचा ऊर का भरून येत असेल हे सांगायला नको. तुमच्या मैत्रिणींच्या डोळ्यांतलं पाणी त्याच ओढीतून येतं. त्याला भाबडं म्हणू नका, मनातसुद्धा नको. पत्रात तसं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही, पण 'मी एकटीच डोळे उघडे ठेवून बसले होते' असा किंचित सूर मला ऐकू आला. चुकत असेन तर सोडून द्या.

पण सिनेमा कुणीतरी बनवलेला असतो. कुणी संवाद लिहितं, कुणी पैसा घालतं, कुणी ठरवतं की लढाई किती वेळ चालवायची आणि महालातल्या बायकांनी फक्त ताटं धरायची. या ठरवण्यावर बोलायचा हक्क तिकीट काढलेल्या प्रत्येकाला आहे. देवळाचं छत गळतंय म्हटल्यानं देवाचा अपमान होत नाही. उलट ज्याला देवाची काळजी आहे तोच छताकडे आधी बघतो. मैत्रिणीनं पुन्हा विचारलं, "तुला महाराजांचा पिक्चर आवडला नाही?" तर एवढंच म्हणा, "अगं, महाराजांच्या मानानं पिक्चर कमी पडला." यात तुम्ही काही मागेही घेत नाही आणि कुणाला खालीही ढकलत नाही.

ताटांच्या मुद्द्यावर जरा थांबते, तो माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. श्रद्धेचा सिनेमा म्हटला की त्यात बाईनं मान खाली घालून उभं राहायचं, असं कुठं ठरलेलं नाही. प्रभातचाच १९३६ चा 'संत तुकाराम' आठवा. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांचा. त्यातली आवली, म्हणजे तुकोबांची बायको, घर चालवते, नवऱ्याला फडाफडा बोलते, पोर आजारी पडल्यावर संतापून खुद्द विठोबाला पायताण दाखवायला देवळात जाते. तो सिनेमा लोकांनी हात जोडून बघितला आणि आवलीवर जीवही लावला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. म्हणजे तुम्ही काही परकी, शहरी, नव्या जमान्याची मागणी करत नव्हतात. मराठी भक्तिपटानंच ती गोष्ट नव्वद वर्षांपूर्वी करून दाखवली आहे. भिशीत हा सिनेमा बघितलेल्या एकदोघीजणी नक्की निघतील, निदान त्यांच्या आयांनी तरी बघितला असेल. ताटांबद्दल बोलायचंच असेल तर आवलीपासून सुरुवात करा. नव्या सिनेमाला नावं ठेवत सुरुवात केली की समोरची लगेच ढाल पुढं करते. जुन्या, सगळ्यांच्या लाडक्या सिनेमातली बाई पुढं केली की ती आपणहून तुमच्या बाजूला येऊन बसते.

आता तुमचे तीन सरळ प्रश्न.

माफी मागू का? मताबद्दल नाही. मागितलीत तर यापुढं आठजणींत एकच मत चालतं, असा पायंडा पडेल, आणि त्याचा जाच फक्त तुम्हाला होणार नाही. त्या दिवशी गप्प बसलेल्या बाकीच्या सहाजणींत लढायांना कंटाळलेली एक तरी असेल. ती तुमच्याकडे बघतेय, पुढं काय होतं ते. पण वेळेबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नाही. डोळे अजून ओले असणाऱ्या माणसाला 'लढाया लांबल्या' ऐकवलं की त्याला वाटतं आपल्या रडण्यालाच नावं ठेवली. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, हे मला पत्रातून कळलं. तिला गाडीवर उभं राहून, तीन वाक्यांत कसं कळावं?

तेव्हा मैत्रिणीकडे जा. फोन नको, मेसेज तर नकोच. संध्याकाळी चारच्या चहाला जा आणि पहिल्यांदा नातवाची चौकशी करा. "अजून विचारतो का गं त्या पिक्चरबद्दल? माझ्या मांडीवर बिचारा फार घाबरला होता, त्यामुळं माझंही लक्ष लागलं नाही." तिला स्वतःहून काही बोलायला वाट मिळू द्या. बोलली तर बरंच, नाही बोलली तरी चहा पिऊन या. फॉरवर्डचा विषय काढू नका. तो तिनंच टाकला होता असं तुम्ही लिहिलेलंही नाही. कुणी टाकला होता याचा तपास करत बसलात तर भिशी मोडेल आणि हाती काही लागणार नाही.

यजमान म्हणाले गप बसायचं होतंस. त्यांना एवढंच विचारा, त्यांच्या कट्ट्यावर कुणी एखाद्या सिनेमाला शिव्या घातल्या तर त्याला काय म्हणतात? चर्चा म्हणतात. दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकमेकांना तंबाखू मळून देतात. (हे लिहिताना माझ्या घरातूनही कुणीतरी घसा खाकरलं.)

खोटंच 'छान होता' म्हणू का? एखाद्या वेळी म्हटलंत म्हणून आभाळ कोसळत नाही, लग्नातल्या जेवणाबद्दल आपण सगळे म्हणतोच. पण दर महिन्याला म्हणायला लागलात तर त्या रविवाराचा तुम्हालाच कंटाळा येईल, कारण पिक्चरनंतरच्या गप्पा हाच त्यातला अर्धा भाग. खोटं बोलणं आणि फटकारणं यांच्यामध्ये बरीच जागा असते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात त्या सिनेमातली आवडलेली एकही गोष्ट नाही. खरंच एकही नव्हती? घोडे, गडावरची पहाट, एखाद्या छोट्या कामातला नट, नऊवारीचे रंग? असेल तर ती आधी सांगा. गोड बोलायचं म्हणून नव्हे. दोन्ही सांगितल्याशिवाय तुमचं मत पुरं होत नाही, म्हणून.

आणि तुमच्या आधी समोरचीला बोलू द्या. 'आवडला का' असं विचारलं की हो किंवा नाही, दोनच दारं उरतात. त्यापेक्षा 'तुला कुठला प्रसंग लागला?' असं विचारून बघा. रडलेलीला आपल्या रडण्याबद्दल सांगायचंच असतं. ते सांगून झालं की तिला तुमचं ऐकायलाही वेळ असतो. मग 'आवाज फार होता' च्या जागी 'मला आवाज सोसला नाही' म्हणा. पहिल्या वाक्यात निकाल आहे आणि त्यावर भांडता येतं. दुसऱ्यात तुमची हकीकत आहे, तिच्याशी कोण काय भांडणार?

साताऱ्याच्या बायकांना तर गप्पा सुरू करायला आयती सोय आहे. आपल्या जिल्ह्यात इतकं शूटिंग झालंय की निम्म्या हिंदी सिनेमांत 'हे कुठंतरी बघितलंय' असं होतं. 'गंगाजल'मधला बिहार वाईचा, 'दबंग'मधला उत्तर प्रदेशही वाईचा, 'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे मेणवलीचा घाट. आपल्या गावाला पडद्यावर दुसरंच नाव लावलेलं बघायची सवय असलेली माणसं आपण. सिनेमा हे रचलेलं काम आहे हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, फक्त विषय महाराजांचा निघाला की आपण ते विसरतो. तो गड खरा होता की सेट, दागिने त्या काळातले वाटत होते का, मागं दिसणारा डोंगर कुठला, यावरून पावभाजी संपेपर्यंत बोलता येतं आणि कुणाचं मन दुखत नाही.

मत द्यायची एवढी घाईही कशाला करायची? 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा टीकाकारांनी नाकं मुरडली होती, तो पुढं मुंबईच्या मिनर्व्हा थेटरात पाच वर्षं चालला. उलट १९५९ मध्ये 'कागज के फूल' लोकांनी नाकारला. गुरुदत्तनं त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही, आणि आज तोच सिनेमा शिकवला जातो. गर्दी चुकते तशी गर्दीला हसणारी माणसंही चुकतात. गाडीवर उभ्याउभ्या दिलेला निकाल तुमचा असो नाहीतर सातजणींचा, त्याचा इतका बाऊ करण्यात अर्थ नाही.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात : सिनेमाचं मत तिथं लिहूच नका, विशेषतः इतिहासाच्या सिनेमाचं. लिहिलेल्याला तुमचा चेहरा नसतो, आणि त्याचा फोटो कुठल्या कुठं जातो. ग्रुपवर फक्त किती वाजता, कुठं भेटायचं आणि तिकिटाचे पैसे कुणाकडे द्यायचे.

एक गोष्ट मात्र भिशीत जरूर मांडा. पिक्चर कुठला बघायचा हे सध्या कोण ठरवतं? पत्रात नाही, पण बहुतेक भिश्यांत दोघीतिघी मोठ्या आवाजाच्या ठरवतात आणि बाकीच्या 'चालेल' म्हणतात. तुमच्याकडे पैशाची चिठ्ठी निघतेच, तशीच पिक्चरची काढा. जिचं नाव निघेल तिनं निवडायचा, बाकीच्यांनी बघायचा. जिला यायचं नाही तिच्यावर कुणी फुगायचं नाही, तिनं थेट पावभाजीला यायचं. यात प्रत्येकीला कधी ना कधी दुसरीच्या आवडीचा सिनेमा बघावा लागतो आणि आपल्या आवडीचा सातजणींना दाखवून त्यांची तोंडं बघावी लागतात. तुमची चिठ्ठी निघेल तेव्हा तुम्हालाही कळेल, आपल्या लाडक्या सिनेमाला कुणी 'रटाळ' म्हटलं की कसं वाटतं.

आता एकटीनं जाण्याचं. जा. भिशी सोडून नको, भिशी ठेवून जा. रागानं गेलात तर सगळा वेळ त्या सातजणी डोक्यात बसतील, सिनेमा बाजूला राहील.

मुलगी म्हणते मोबाईलवर बघ. ती चांगल्या मनानंच म्हणते, पण घरात बाई सिनेमा बघायला बसली की कुकरची शिट्टी होते, दूधवाला येतो, यजमानांना चष्मा सापडत नाही. अडीच तासांचा सिनेमा चार दिवस पुरतो. थेटरात दार बंद झालं की मध्यंतरापर्यंत तुम्हाला कुणी हाक मारू शकत नाही. ५४ वर्षांच्या नोकरदार बाईला एवढी सलग उसंत आठवड्यात दुसरी कुठं मिळते, तुम्हीच सांगा.

बरं दिसतं का, हे विचारलंत. थेटरात आलेली माणसं पडद्याकडे बघतात, ताई. तिकीटखिडकीवर कुणी ओळखीचं भेटेल आणि 'एकट्याच?' असं विचारेल. 'हो' म्हणा आणि पॉपकॉर्नचा भाव काढून नाक मुरडा, विषय बदलतो. राहता राहिली खरीखुरी गैरसोय, ती सांगते, कारण नुसतं 'बिनधास्त जा' म्हणून चालत नाही. पहिल्या वेळी दुपारचा खेळ घ्या, सुटल्यावर उजेड असतो आणि रिक्षा मिळते. तिकीट बहुधा स्वस्तही पडतं. खुर्ची मधल्या रांगेतली, कडेची, जिथून उठता येईल अशी घ्या. अगदी मागची रांग नको. जवळपास एखादं कुटुंब बसलेलं असलं तर उत्तम. शेजारी कुणी त्रास देणारं आलं तर जागा बदला, आणि दारावरच्या माणसाला सांगायला लाजू नका. घरी कुठल्या खेळाला गेलाय आणि किती वाजता सुटेल ते सांगून जा. परवानगी म्हणून नव्हे, फोन बंद असणार म्हणून.

आणि एकटीनं जायला शिकण्याचं आणखी एक कारण आहे, ते या पत्राबाहेरच्या वाचकांनाही लागू पडेल. लहान मराठी सिनेमा आपल्याकडे शुक्रवारी लागतो, बहुतेक वेळा एकच खेळ, तोही कुठल्यातरी अडनिड्या वेळेला. पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की तो खेळही जातो. आठजणींची सवड जुळेपर्यंत असला सिनेमा गाव सोडून गेलेला असतो, आणि मग आपणच म्हणतो, हल्ली बायकांना धड काम देणारे सिनेमे कुठं येतात? येतात. अधूनमधून, आठवडाभर. तुम्हाला हवा तसा लागलाय असं कळलं की रविवारची वाट बघू नका. शाळा सुटल्यावर जमण्यासारखा खेळ असेल तर त्याच आठवड्यात एक तिकीट काढा.